बाहेरून लावलेली कडी

आखाती युद्ध सुरू झालं तशा इस्रायलमधल्या सगळ्या शाळा बंद झाल्या आणि सपीरला तिच्या खास शाळेत न्यायला येणारी पांढरी गाडीही यायची थांबली. गावातल्या बाकीच्या पोरांना सुट्टी लागली. सपीर मात्र रोज सकाळी बूट घालून, दप्तर पाठीला लावून फाटकाशी उभी राहायची आणि गाडी येत नाही म्हणून कपाळ गजांवर आपटायची. तिची आई, लेआ, मध्ये आपला तळहात घालायची. आठवड्याभरात लेआची बोटं काळीनिळी झाली.

सपीर आठ वर्षांची. बोलायची नाही. हाक मारली तर वळून बघायची नाही. पण शेजारच्या घरात कुणी बिस्किटाचा पुडा फोडला की अंगणातून उठून चालू लागायची. बेर-शेवाच्या डॉक्टरीणबाईंनी ती चार वर्षांची असतानाच एक हिब्रू शब्द सांगितला होता, ओटिस्टित, म्हणजे स्वमग्न. लेआने तो नवऱ्याला सांगितला, सासूला अर्धामुर्धा सांगितला आणि गावाला सांगितलाच नाही. गाव आपलं आपण काय ते बोलत होतं. कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे पोटुशी असताना लेआ घाबरली होती, कुणी म्हणे आईची माया कमी. सासूने, हॅनाबाईंनी, एलियाहू हनबी या प्रेषिताला नवस बोलून दोनदा मलिदा घातला होता. पोहे, खोबरं, केळी, सगळं यथासांग. पोरीच्या तोंडून शब्द काही फुटला नाही.

गाव म्हणजे नेगेवच्या वाळवंटातला एक मोशाव, शेतकऱ्यांची सहकारी वसाहत. डिमोनाहून बस यायची. तीसेक घरं, बहुतेक सगळी बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंची. कुणी रेवदंड्याचं, कुणी पेणचं, कुणी भायखळ्याच्या चाळीतून थेट विमानात बसून आलेलं. पुढे घर, मागे ढोबळी मिरचीची प्लास्टिकची हरितगृहं. दारं सताड उघडी. एकीच्या घरची आमटी उतू गेली तर वास घेऊन दुसरी गॅस बंद करायला धावायची, असं गाव. अशा गावात सपीर कुठल्याही दारातून आत शिरायची, तिला हवं ते हाताळायची आणि निघून जायची. "लेआची सपीर आली," एवढंच लोक म्हणत. तेवढं गाव लेआला पुरत होतं. तिने कधी जास्त मागितलं नाही, जास्त सांगितलंही नाही.

पण आता घराघरात एक खोली बंद केलेली होती. इराकहून येणाऱ्या क्षेपणास्त्रांत विषारी वायू असेल, अशी भीती होती. म्हणून सरकारच्या सांगण्यावरून प्रत्येकाने एकेका खोलीच्या खिडक्यांवर प्लास्टिक ताणून, कडांना तपकिरी चिकटपट्टी लावून हवेची वाट बुजवली होती. भोंगा वाजला की घरच्या सगळ्यांनी त्या खोलीत शिरायचं, दाराखाली ओला टॉवेल सारायचा, खोक्यातून रबरी मुखवटा काढून चढवायचा आणि रेडिओवर सुटका, म्हणजे धोका टळल्याचं, सांगेपर्यंत बसायचं.

सपीरला त्या चिकटपट्टीचा छंदच लागला. नखाने टोक उचकटायचं आणि हळूहळू ओढायचं. तो चर्रर्र आवाज ऐकताना ती डोळे मिटून घ्यायची आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान यायचं की लेआला रागावताही येत नसे. घरची खिडकी लेआ रोज नव्याने चिकटवायची. लोकांच्या खिडक्यांचं काय करायचं?

"लेआ, अगं तुझी पोर आमच्या खिडकीला लागलीय बघ!" अशी हाक आली की ती हातातलं टाकून धावायची. माफी मागायची, पट्टी परत लावून द्यायची. लोक हसून घ्यायचे, पण हसू दिवसागणिक आखडत चाललं होतं. लेआला हाका येण्याआधीच त्या ऐकू यायला लागल्या. भांडी घासताना नळ मध्येच बंद करून ती कान द्यायची.

हाईम, तिचा नवरा, मृत समुद्राकाठच्या खनिजांच्या कारखान्यात होता. कारखाना युद्धातही चालू होता आणि त्याची पाळी बहुधा संध्याकाळची असायची. म्हणून मागच्या अंगणापलीकडे राहणाऱ्या थोरल्या दिराने, याकोवने, सांगितलं होतं, "भोंगा झाला की आमच्याकडेच या सगळ्या. खोली मोठी हाय."

याकोवकडे असताना पहिल्यांदा भोंगा वाजला तेव्हा सगळे जेवायला बसलेले होते. याकोव, त्याची बायको ज्युडिथ, त्यांचे दोन मुलगे, हॅनाबाई, लेआ आणि सपीर, असे सगळे एका खोलीत कोंबले गेले. एकेकाने मुखवटा चढवला. सपीरने मान वर केली आणि पाहिलं, तर खोलीतली ओळखीची तोंडं गेली होती. त्या जागी काळी रबरी थोबाडं, गोल काचेचे डोळे. आईचंसुद्धा तोंड नाही.

ती जी किंचाळली ती थांबेना. लेआने तिला मुखवटा घालायचा प्रयत्न केला, तर तिने लेआच्या मनगटाचा चावा घेतला. मग दिसेल त्याचा मुखवटा ओढू लागली. ज्युडिथच्या धाकट्याचा पट्टा तिच्या हातात आला, पोरगा रडायला लागला, ज्युडिथने तिला जोराने ढकललं. सपीर भिंतीवर आपटली आणि तिथेच डोकं आपटत राहिली.

लेआने दोन्ही हातांनी आपला मुखवटा काढला.

"लेआ! घाल ते!" याकोव आतून ओरडला. त्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता.

लेआने ऐकलं नाही. उघड्या तोंडाने ती सपीरसमोर भिंतीशी बसली. प्रत्येक श्वास घेताना तिला वाटत होतं, आता घसा जळेल, आता डोळे झोंबतील. जळलं काहीच नाही. सपीरने तिच्या गालाला हात लावून पाहिला, नाक चाचपलं आणि किंचाळणं कमी होत होत कण्हण्यावर आलं.

रेडिओने सुटका सांगितली, दार उघडलं. ज्युडिथ लेआला अंगणात घेऊन गेली.

"राग नको मानूस गे. पण उद्यापासून तुमचं तुम्ही बघा. आईंना पाठव, त्यांना जागा हाय. सपीरला नको."

"वहिनी, मी तिला कुठं ठेवू?"

"मला नाय माहीत. माझ्या पोराचा पट्टा निघाला होता, लेआ. खरंच वायू असता तर?"

तेच तर लेआला रात्रंदिवस छळत होतं. ज्युडिथ चुकीचं काही बोलली नव्हती.

त्यानंतर भोंगा वाजला की हॅनाबाई मागल्या अंगणातून याकोवकडे जायच्या आणि लेआ-सपीर आपल्या खोलीत बसायच्या, दोघीही उघड्या तोंडाने. असं काही दिवस निभावलं.

मग डिनामावशीचं झालं.

डिना शेजारच्याच घरात एकटी राहायची. नवरा वारलेला, मुलगे अश्दोदला बंदरावर कामाला. सत्तरी उलटलेली, तोंडाची फटकळ. त्या दुपारी लेआचा जरा डोळा लागला, तेवढ्यात सपीर डिनाच्या घरात शिरली आणि बंद खोलीच्या खिडकीची अख्खी पट्टी सोलून परत आली. कुणाला पत्ता नाही. संध्याकाळी भोंगा झाला. डिना खोलीत गेली, दार लावलं, आणि बघते तर प्लास्टिक लोंबतंय, बाहेरची हवा आत येतेय. ती अशी भेदरली की मुखवट्याच्या खोक्यातलं विषारी वायूवरचं इंजेक्शन तिने काढलं आणि मांडीत खुपसलं. वायू नव्हताच. औषधाने मात्र तिचं काळीज घोड्यासारखं धावायला लागलं. याकोवने तिला गाडीत घालून बेर-शेवाच्या हॉस्पिटलात नेलं. गाडीत चढवताना तिचा एक हात बाहेर लोंबत होता. लेआने तो उचलून आत ठेवला, तेव्हा याकोवने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

डिना वाचली. पण गावाचं हसू संपलं. दुसऱ्या दिवसापासून लेआ चालत निघाली की आतून कड्या लागल्याचे आवाज यायचे. या गावात तो आवाज तिने तोवर ऐकला नव्हता.

शनिवारी, शब्बाथला, सिनेगॉगच्या बाहेर पुरुषांनी हाईमला बाजूला घेतलं. लेआ बायकांच्या घोळक्याच्या कडेला सपीरचं मनगट धरून उभी होती. तिथून तिला फक्त याकोवचा हात हवेत वरखाली होताना दिसत होता. घरी आल्यावर हाईम बराच वेळ सपीरच्या बुटांची नाडी सोडत बसला.

"काय म्हणाले?" लेआने विचारलं.

"वाईट कुणी बोललं नाही. म्हणतात, एलातला माझी आत्या आहे. तिकडे क्षेपणास्त्र पोचत नाही. युद्ध संपेपर्यंत तू आणि सपीर तिकडे राहा."

"आणि युद्ध संपल्यावर?"

हाईमने नाडी गुंडाळली. परत सोडली.

"हाईम, संपल्यावर काय म्हणाले?"

"सरकारी बाई मागे अशा मुलांना ठेवून घेणाऱ्या त्या संस्थेबद्दल बोलली होती ना. उत्तरेकडची. याकोव म्हणतो, तिथे शिकलेले लोक असतात..."

"तू काय म्हणालास?"

"विचार करतो म्हणालो."

एलातचा लांबलचक बसप्रवास, आत्याची दोन खोल्यांची जागा, हे सगळं लेआने सोसलं असतं. पण तिला पक्कं कळलं की एकदा सपीर या गावातून बाहेर पडली की परत येताना तिची जागा भरलेली असेल. जखम भरते तशी. कुणी मुद्दाम करणार नाही. आणि हाईमसुद्धा, थकलेला, भला हाईम, हळूहळू त्याला राजी होईल.

"ती बाहेर जाणार नाही," लेआ म्हणाली. "मी तिला कुणाच्या दारात पाऊल टाकू देत नाही. कडी आणून लाव. बाहेरून."

हाईमने डिमोनाहून कडी आणली आणि पुढच्या दाराला बाहेरच्या अंगाने ठोकली. मागचं दार खिळे मारून बंद केलं. हॅनाबाई खुर्चीत बसून बघत होत्या. "गुरांच्या गोठ्याला लावतात गे अशी," एवढंच त्या म्हणाल्या.

सपीरला दार उघडेना हे कळलं तेव्हा ती आधी नुसती उभी राहिली. मग तळव्यांनी दार वाजवायला लागली. एकाच लयीत, रडत नाही, ओरडत नाही, नुसतं वाजवत राहिली. लेआ घरात असली तर तिला जवळ घेऊन बसायची. पण हरितगृहातलं पाणी सोडावं लागायचं, मिरच्या उतरवाव्या लागायच्या, दुकानात जावं लागायचं. तेव्हा बाहेर येऊन ती कडी सरकवायची आणि पाठ फिरवून भराभर चालायची. वाजवणं पाठीमागून ऐकू यायचं. पुढे पुढे ती दुकानात उभी असली तरी ऐकू यायचं, जिथे ते येणं शक्यच नव्हतं.

अशाच एका संध्याकाळी हाईम पाळीवर होता. सासूबाई आधीच याकोवकडे जाऊन बसल्या होत्या. घरात दूध नव्हतं. लेआने कडी लावली आणि गावच्या दुकानाकडे धावली. दुधाच्या पिशव्या हातात घेतल्या आणि भोंगा सुरू झाला.

दुकानदाराने शटर ओढायला घेतलं. "आत ये, लेआ, आत ये!"

ती माघारी धावत सुटली. भोंग्याचा आवाज वरखाली होत होता, आभाळ अजून नीट काळोखलंही नव्हतं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका खिडकीमागून कुणीतरी मुखवट्यातून हातवारे करत होतं. लेआच्या डोक्यात एकच: मी तिला कोंडलं. घर पेटलं तर तिला बाहेर येता येणार नाही. मी माझ्या हाताने कोंडलं. एक पिशवी वाटेत फुटली. मुखवट्याचं खोकं कमरेवर आपटत होतं, ते तिने काढून फेकलं.

घराशी पोचली तर कडी उघडी होती.

दार सताड उघडं. आत कुणी नाही. पलंगाखाली नाही, मोरीत नाही, बंद खोलीत नाही. सपीरचे बूट दाराशी तसेच. लेआ अंगणात आली, हरितगृहाकडे धावली, परत फिरली. आणि मग भोंगा जरा उतरला तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला. चर्रर्र. डिनामावशीच्या घरातून.

डिना सकाळीच हॉस्पिटलातून परत आली होती. लेआला ते माहीत होतं. तोंड दाखवायची हिंमत झाली नव्हती.

तिने डिनाच्या बंद खोलीच्या दारावर थाप मारली. "मावशी! मावशी, सपीर आहे का तिथं?"

"हाय, हाय. ये आत लवकर, आणि टॉवेल नीट सार," आतून आवाज आला.

आत दिव्याखाली डिना खिडकीला पाठ लावून उभी होती. दोन्ही हात वर पसरून तिने प्लास्टिकच्या कडा चौकटीवर दाबून धरल्या होत्या. मुखवटा नव्हता, तो खाटेवर पडलेला होता. आणि तिच्या बगलेखाली उभी राहून सपीर खालच्या कडेची पट्टी सावकाश सोलत होती.

"थांबव म्हटलं तर थांबत नाय," डिना म्हणाली. "म्हटलं, सोल. मी धरते. तू काय बघत उभी? ती बाजू धर ना!"

लेआ खिडकीशी गेली आणि दुसरी बाजू दाबून धरली.

"मावशी, तुमचा मुखवटा..."

"दम कोंडतो त्याच्यात माझा आता. डॉक्टर म्हणाला, घालायचं तर बसून घाल. बसले असते तर हे कुणी धरलं असतं?"

रेडिओ खरखरत होता. दोघी हात वर करून उभ्या राहिल्या. डिनाचा श्वास मध्येच अडकायचा, मग ती डोळे मिटून थांबायची, आणि लेआला प्रत्येक वेळी वाटायचं, गेली. हात सोडून तिला धरावं तर प्लास्टिक सुटेल. लेआ तिच्या ओठांच्या रंगाकडे बघत राहिली.

"मावशी, दार तुम्ही उघडलंत?"

"मग कोण? भोंगा व्हायला लागला आणि ती पोर आतून दार वाजवतेय. कुणी यायचं नाव नाय. मी माझ्या खोलीत येऊन बसले. नाय बसवलं." डिनाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "पोरीला कोंडून गेलीस? भोंग्याच्या दिवसांत?"

"तुमच्यासाठी कोंडलं. सगळ्यांसाठी. तुम्हाला जे झालं..."

"मला झालं त्याचा राग हाय मला. तुझ्यावर हाय. तू झोपलीस आणि मी मरत होते. तो राग काय एवढ्यात जात नाय." मग जरा दम घेऊन म्हणाली, "पण ते निराळं. कडी निराळी."

लेआ रडायला लागली. हात वर असल्यामुळे तिला डोळेही पुसता येईनात.

"आता हिला काय होतंय ते तरी सांग," डिना म्हणाली. "आठ वर्सं शेजारी राहते. दृष्ट म्हणतात, बाधा म्हणतात. डॉक्टर काय म्हणतो?"

आणि लेआने तिला तो शब्द सांगितला. त्याचा अर्थ सांगितला. जेवढा तिला कळला होता तेवढा. की आवाज तिला टोचतात. की तोंडं झाकली की तिला माणसं हरवतात. की "नको" म्हटलेलं तिला कळत नाही, पण हातात दुसरं काही दिलं तर ती पहिलं सोडते. डिना ऐकत राहिली.

"एवढंच ना? मग आधी का नाय सांगितलंस? आम्ही काय माकडं हाव?"

सुटका झाल्याचं रेडिओने सांगितलं तेव्हा डिनाला खाली बसवायला लेआला दोन्ही हात लागले. तिने तिला पाणी पाजलं आणि श्वास ताळ्यावर येईपर्यंत तळवे चोळत बसली. सपीर सोललेली पट्टी मनगटाला गुंडाळत होती.

हाईम पाळीवरून परतला तेव्हा कडी लेआने काढून टेबलावर ठेवलेली होती, खिळ्यांसकट. तिने त्याला सगळं सांगितलं. "मी ठोकली होती ती," तो म्हणाला. एलातचं नाव त्याने त्या दिवशी काढलं नाही. लेआनेही काढलं नाही, पण ते गेलं नाही हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिने सपीरचा हात धरला आणि ती घरोघर निघाली. पहिल्या दारात ती पाठ करून गेलेली वाक्यं विसरली. "माझी सपीर ओटिस्टित आहे," एवढं कसंबसं म्हणाली आणि मग पुढचं आपोआप आलं. ती आली तर ओरडू नका. पट्टीचं रीळ हातात द्या, खिडकी सोडेल. आणि मला हाक मारा. मी झोपलेली असले तरी मारा. काही घरांत तिला बसवून घेतलं. एका घरात त्या बाईने आपल्या भावाच्या मुलाबद्दल दबक्या आवाजात विचारलं, तोही असाच असेल का. दोन-तीन घरांनी ऐकून घेतलं आणि मागून कडी लावली. ज्युडिथने दारातच उभं राहून ऐकलं.

"कळलं मला," ती म्हणाली. "पण माझं भ्या नाय जात, लेआ. खोटं कशाला सांगू?"

"नका सांगू," लेआ म्हणाली. "मीपण रोज भिते."

युद्ध फेब्रुवारीअखेर, पुरीमच्या सणाच्या सुमाराला संपलं आणि पांढरी गाडी परत यायला लागली. त्या संस्थेची गोष्ट उन्हाळ्यात पुन्हा निघाली. याकोवनेच काढली, जेवताना. लेआचा घास हातातच राहिला. ती हाईमकडे बघत नव्हती. बघायची भीती वाटत होती. हाईम पाणी प्यायला आणि म्हणाला, "भाऊ, ती इथंच राहणार. परत विचारू नकोस." याकोवने परत विचारलं नाही, पण पुढले कित्येक महिने दोन्ही घरांत बोलणं कामापुरतंच राहिलं.

डिनामावशीचं काळीज काही पूर्वीसारखं झालं नाही. दोन वर्षांनी मुलांनी तिला अश्दोदला नेलं. जाताना तिने लेआला, पोरीकडे लक्ष दे, झोपत जाऊ नकोस, असं चारचौघांत सुनावलं आणि सपीरच्या हातात बिस्किटाचा पुडा कोंबला.

तिच्या घरात डिमोनाचं एक तरुण जोडपं राहायला आलं, अमीर आणि शोशी, कडेवर तान्हं मूल. लेआ खिडकीतून बघत होती. ट्रकमधून पाळणा उतरला. सपीर आता दहा वर्षांची, अंगाने थोराड; तान्ह्या बाळाच्या घरात शिरली तर? तिने पदराला, म्हणजे आताशा घालायच्या त्या एप्रनला, हात पुसले. सपीरला बूट घातले. सामान अजून अंगणातच होतं, तेवढ्यात ती तिला घेऊन त्यांच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

"शालोम," ती म्हणाली. "मी लेआ, शेजारची. ही माझी मुलगी, सपीर. तुम्हाला हिच्याबद्दल जरा सांगायचंय."

शोशीने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि सपीरकडे पाहिलं. काय बोलेल ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. लेआ सपीरचा हात घट्ट धरून उभी राहिली.